प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे

म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्या दिवशी तिचं चुकलं असेल तर एवढंच, की म्हातारा खरा आहे की नाही ते तिनं आधी बघितलं नाही.

सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. नाट्यगृहाच्या दारात तिच्या तिसरीच्या वर्गातली मुलं रेनकोट काढता काढता एकमेकांना भिजवत होती. शाळांसाठी नाटक फुकट, न्यायला-आणायला बस फुकट, शिक्षकांना चहासुद्धा फुकट. तरीही ‘कोण घेऊन जाणार?’ असं मोठ्या बाईंनी विचारल्यावर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. फुकटचं नाटक बघायला कुणाची ना नव्हती, पण पोरं कुणी सांभाळायची? शेवटी ती सगळ्यांत नवी, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं.

मुलं मोजताना एक कमी भरली. दोन वेण्यांची चिमणी, दुसरं कोण असणार! तिला शोधत ती चुकीच्या दारातून रंगमंचामागच्या जिन्यापाशी पोचली. चिमणी जिन्याखाली बसून निवांतपणे बुटाची नाडी बांधत होती. आणि वरून एक आजोबा भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत उतरत होते. पांढरी दाढी, वाकलेली कंबर, थरथरता हात...

“थांबा, थांबा आजोबा, मी धरते.” ती धावत वर गेली. “घाई नको. आधी उजवा पाय... हं... आता डावा. गुडघे फार दुखतात का हो?”

“दुखतात बाई,” आजोबा कापऱ्या आवाजात म्हणाले. “पण आत्ताच जरा बरं वाटायला लागलंय.”

“आणि घरचं कुणी बरोबर नाही? या वयात एकट्याला सोडतात म्हणजे कमालच आहे!”

“घरी आहे कोण विचारायला...” आजोबांनी सुस्कारा सोडला.

तिचा जीव कळवळला. खालच्या पायरीवर तिनं पर्समधला बिस्किटांचा पुडा काढून त्यांच्या हातात कोंबला. म्हाताऱ्याच्या मानानं हात चांगलाच उबदार आणि घट्ट होता, हे तिला जाणवलं. पण त्यावर विचार करायच्या आत घंटा झाली.

पडदा उघडला. हरवलेला चष्मा शोधत तेच आजोबा रंगमंचावर आले, तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं, अगं बाई, या वयात यांना नाटकात कामाला लावलंय! मग आजोबांनी टुणकन उडी मारली, मुलं खिदळली, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

शाळांच्या खेळाची तिथे एक पद्धत होती. नाटक संपलं की नट मुलांसमोरच तोंडाचा रंग पुसायचे, दाढ्या-मिशा काढायचे. लहान मुलांनी घाबरून घरी जाऊ नये, हा हेतू. मग मुलं प्रश्न विचारायची. नाट्यगृहाच्या व्यवस्थापक, ज्यांना सगळेच काकू म्हणत, त्यांनी माइक हातात घेतला. “प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे. शिक्षकांनी हात वर करू नयेत. मागे एका सरांनी प्रश्न म्हणून भाषणच केलं, पोरं झोपून गेली.”

तेवढ्यात आजोबांनी दाढी सोलून काढली. आतून तिशीतला एक हसरा चेहरा बाहेर आला आणि सरळ तिच्याकडेच बघू लागला. वर त्यानं खिशातून बिस्कीट काढून खाल्लं.

चिमणीचा हात वर गेलाच. “आमच्या बाईंनी तुम्हाला जिन्यावरून आणलं, तेव्हा तुमचे गुडघे खरंच दुखत होते?”

“नाही,” तो म्हणाला. “पण तसं सांगितलं असतं, तर तुमच्या बाईंनी हात सोडला असता.”

अख्खं नाट्यगृह हसलं. तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण बसमध्ये बसल्यावर खिडकीच्या ओल्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला. तोही हसत होता.

दर मंगळवारी एकेका वर्गाची पाळी असायची. पुढच्या मंगळवारी चौथीची. चौथीच्या बाईंनी कपाळाला हात लावलेला बघून ती म्हणाली, “मी जाते ना! मला नाटकाची आवड आहे.” त्याच्या पुढच्या वेळी दुसरी. मग पाचवी. “भारीच आवड हो तुला,” चौथीच्या बाई म्हणाल्या. तिनं पंख्याकडे बघत खडू झटकले.

खेळाआधी मुलं जागेवर बसेपर्यंत तिला चहा मिळायचा, आणि चहाच्या टेबलाशी हमखास एक दाढीवाले आजोबा घुटमळत असायचे.

“तुम्ही एवढ्या वेळा आलात, पण नाटक एकदाही बघितलं नाहीत,” एकदा तो म्हणाला.

“अहो, मुलांकडे कोण बघणार?”

“मला वरून सगळं दिसतं. तुमची मान रंगमंचाकडे फक्त एकदाच वळते. माझी दाढी निघते तेव्हा.”

“ते... डोळ्यांवर दिव्याचा उजेड येतो म्हणून.”

“दिवे तर तेव्हा मालवलेले असतात.”

“आजोबा, चहा निवतोय तुमचा,” असं म्हणून ती मुलांच्या रांगांत पळाली. जिथे काहीच गडबड नव्हती, तिथेही जाऊन तिनं दोघातिघांना उगाच दटावलं.

आणि मग तो खेळ सुरू झाला... नाटकाचा नव्हे, दुसराच.

पाचवीच्या एका लाजऱ्या मुलीला प्रश्न सुचेना, तेव्हा तिनं कानात एक सांगितला. मुलगी उठली. “आजोबा, तुम्हाला घरी जेवायला कोण करून घालतं?”

त्याची नजर रांगेच्या टोकाला गेली. “मीच करतो. त्यामुळे रोज करपलेलं जेवतो.”

पुढच्या वेळी पहिलीतल्या एकानं विचारलं, “आजोबा, तुम्हाला आजी का नाही?” तो म्हणाला, “शोधतोय. चष्मा सापडला, आता आजी सापडली की झालं. बरं, आता मी एक विचारू? तुमच्या बाई रागावल्या तर काय करतात?” पोरं एका सुरात ओरडली, “गप्प बसतात!” “आणि खूश झाल्या तर?” “तेव्हापण गप्पच बसतात!”

हे मात्र पोरं अगदी खरं बोलली होती.

नेलेल्या प्रत्येक वर्गाला, अगदी तिच्या तिसरीलाही, तिनं एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली होती. “बाईंनी सांगितलं असं कधी म्हणायचं नाही हं. विचारलं तर प्रश्न आपलाच, असं सांगायचं.” मुलांना त्यात मोठी गंमत वाटायची. तिलाही वाटायची. हवं ते विचारता यायचं, आणि विचारल्याचं नाव आपल्यावर यायचं नाही. असली सोय आयुष्यात फार वेळा मिळत नाही. तिनं ती जरा जास्तच वापरली.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. “वन्सं, मंगळवारची साडी सोमवारीच इस्त्री व्हायला लागली हल्ली,” भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली.

“पोरांसमोर नीटनेटकं नको जायला?”

“पोरांसमोर? बरं. पोरांचं वय काय हो?”

तिनं सगळं सांगून टाकलं. वहिनी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. “तू बोललीस का त्याच्याशी? म्हणजे तू स्वतः, पोरं सोडून?”

“बोलेन गं. घाई काय आहे?”

“आपल्याला नसते. दिवसांना असते,” वहिनी म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.

शेवटच्या मंगळवारी काकूंनी तिच्या तिसरीला पुन्हा बोलावलं. त्या दिवशी मोठ्या बाईही हौसेनं बरोबर आल्या. तो जिन्याखालीच उभा होता, दाढी लावून, पण कंबर सरळ.

“आमचं मंडळ उद्या पहाटे पुढच्या गावाला निघतंय,” तो म्हणाला. “रात्री ट्रक भरायचाय.”

हे येणारच होतं. तरी तिनं लगेच विचारलं, “आणि तुम्ही?”

“काकू म्हणतात, तू इथेच राहा, शाळांचं सगळं तू बघ. आज खेळ संपला की उत्तर द्यायचंय.”

“मग... द्या ना.”

“देतो. पण काकू सोडून मला अजून कुणी ‘थांब’ म्हटलेलं नाही.” तो हसला. डोळे हसत नव्हते. “इतके दिवस पोरांच्या तोंडून ऐकतोय. आज प्रश्न तुम्ही विचारा. हात वर करून, स्वतःच्या तोंडानं. तुम्ही विचारलंत तर थांबलो, असं समजा. नाहीतर मी समजेन, की नुसती गंमत होती.”

“पण शिक्षकांनी विचारायचं नसतं तिथे...”

“काकूंची परवानगी काढलीय.”

“तसं नाही हो, मी काय म्हणते...” ती पुढे बोलणार होती. देवाशप्पथ बोलणार होती. पण दारातून मोठ्या बाईंचा आवाज आला. “अहो, तुमच्या मुलांनी तिकडे छत्र्यांची लढाई लावलीय, आणि तुम्ही इथे?”

ती गेली.

नाटक झालं. मुलांनी ओरडून चष्मा शोधून दिला. नट पुढे येऊन बसले, रंग पुसू लागले. काकू माइकवर म्हणाल्या, “आज शेवटचा खेळ, म्हणून एक प्रश्न शिक्षकांचाही घेऊ. एकच. आणि भाषण नको.”

तिचा हात उठला. खरंच उठला. मांडीवरून खांद्यापर्यंत आला आणि तेवढ्यात शेजारी मोठ्या बाई पुटपुटल्या, “हे काय नवीन? शिक्षकांनी पोरांसारखे हात वर करायचे? शोभतं का!” तिचा हात तसाच कानापाशी गेला, एक बट मागे सारली आणि मांडीवर परत आला.

वरून तो बघत होता. दाढी अजून तशीच होती. सगळ्यांनी काढल्या तरी त्यानं काढली नव्हती.

डाव्या हाताला चिमणी बसली होती, वर्गात बसायची तशीच कान पुढे करून. आणि तिनं, आपण काय करतोय हे कळत असूनही, त्या कानात प्रश्न सांगितला.

चिमणी ताडकन उभी राहिली. “आजोबा, तुम्ही आमच्या गावातच राहाल का?”

त्याचा चेहरा उजळला. मग त्यानं चिमणीकडून नजर काढून तिच्याकडे बघितलं. तिनं साडीचा काठ बोटाभोवती गुंडाळायला घेतला होता.

“छान प्रश्न आहे,” तो हळूच म्हणाला. “हा तुझा प्रश्न आहे, की तुला कुणी सांगितला?”

त्यानं दार किलकिलं करून दिलं होतं. चिमणीनं नुसतं ‘बाईंनी’ म्हटलं असतं, तरी चाललं असतं. कदाचित तेवढ्यावरही तो थांबला असता.

“माझाच आहे,” चिमणी ठणकावून म्हणाली.

“नक्की?”

“नक्की. माझा मीच विचारला.”

तो थांबला. घड्याळ लावून बघितलं तर फार वेळ नसेल थांबला, पण पुढे आयुष्यभर तिला वाटत राहिलं, की तेवढ्या वेळात माणूस हात वर करू शकतो. उभा राहू शकतो. ‘माझा आहे तो प्रश्न’ एवढं म्हणू शकतो. चार शब्द बोलायचे, आणि मोठ्या बाई काय, फार तर आठवडाभर बोलल्या असत्या.

“तुझ्यासारख्या मुलांना सोडून जाववत नाही गं,” तो चिमणीला म्हणाला. “पण आजोबांना आता निघायला हवं.” आणि कडेला उभ्या असलेल्या काकूंकडे बघून त्यानं ‘नाही’ अशी मान हलवली. मगच दाढी काढली. यावेळी तिनं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती धापा टाकत नाट्यगृहात गेली, तेव्हा आवारात ट्रकच्या चाकांच्या खुणांत पाणी साचलं होतं. काकूंनी मंडळाचा फोन नंबर दिला. तिनं तो एकदा नव्हे, अनेकदा फिरवला, आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. काय विचारणार? शेजारी कुणाच्या कानात सांगायची सोय नव्हती. वहिनीनं मंगळवारच्या साडीबद्दल पुन्हा कधी चेष्टा केली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी ती फक्त बसमध्ये चढली, सगळी मुलं आली का बघितलं आणि पहिल्या बाकावर बसली. बाहेर पाऊस थांबला होता. बस वळली, नाट्यगृहाचं दार मागे गेलं. तेवढ्यात चिमणी जागा सोडून, बाकांना धरत धरत पुढे आली. तिचा चेहरा नुसता फुलून आला होता.

“बाई,” ती कानाशी येऊन कुजबुजली, “त्यांनी दोनदा विचारलं. तरी मी तुमचं नाव सांगितलं नाही.”

चिमणी शाबासकीची वाट बघत उभी होती. तिनं चिमणीच्या वेणीची सुटलेली रिबीन नीट बांधली.

“शाबास,” ती म्हणाली.