चार कांड्यांची बॅटरी

उज्ज्वलाला त्या मोबाइलच्या दुकानात पाऊलसुद्धा टाकायचं नव्हतं. श्रावणातली भुरभुर चालू होती, कॉलेजचा तास बुडाला होता, आणि तिचे वडील, रावेरचे केळीवाले शालिग्राम नाना, जळगावच्या भर बाजारातून तिला पुढे घालून चालले होते. नानांच्या मुठीत मोबाइल होता. १९९९ साली अख्ख्या रावेरात असे फोन बोटावर मोजण्याइतके, म्हणून नाना तो एरवी तळहातावरच्या फोडासारखा जपत. आज मात्र त्यांनी तो काउंटरवर असा आदळला, की आतला पोरगा दचकून उभाच राहिला.

"बॅटरीच्या चार कांड्या दाखवत व्हता हा," नाना म्हणाले, "अन् बोलता बोलता मेला. माह्या पोरीचं लगन मोडलं यानं."

उज्ज्वलाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण छत्रीसकट आत जावं. अहो, परक्या माणसाला असं सांगतं का कुणी? तो पोरगा, हितेंद्र त्याचं नाव, फोनकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

घडलं होतं ते असं. धुळ्याच्या अभिमन आबांच्या मुलाशी तिची बोलणी चालली होती. आबांनी फोनवर विचारलं, मग शब्द देता ना? आणि नाना 'हो' म्हणायला तोंड उघडतात तोच फोन मुका. सोयरिकीच्या बोलण्यात समोरच्यानं शब्द मागावा आणि आपण गप्प बसावं, यापेक्षा मोठा अपमान आमच्याकडे नाही. आबांना वाटलं, नानांनी फोन तोंडावर आपटला. त्यांनी निरोप धाडला, अशा माणसाशी सोयरीक नको. वर नानांचा फोनही घेईनात.

आता नानांचं एकच म्हणणं, की दोष मशीनचा होता हे दुकानवाल्यानं स्वतः आबांना सांगावं. हितेंद्र म्हणाला, सांगतो, पण आधी मला तरी कळू द्या; आठवडा द्या. फोन दुकानातच ठेवून नाना गावी गेले. जळगावात भिकुबाई आत्याकडे राहून शिकणाऱ्या उज्ज्वलाच्या मागे मात्र रोज दुकानात डोकावायचं काम लागलं.

दुसऱ्या दिवशी ती भांडायच्या तयारीनंच गेली. चार कांड्या म्हणजे भरलेली ना बॅटरी, मग मेली कशी?

"तुमच्या मळ्यात बोअर आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. त्याचं इथे काय?"

"रात्रभर बंद असलेला बोअर सुरू केला की पहिलं पाणी धो धो येतं. त्यावरून आत किती पाणी आहे ते कळतं का?"

तो सांगत गेला, की या कांड्या बॅटरीच्या पोटात किती आहे ते मोजतच नाहीत. विजेचा दाब बघायचा आणि अंदाज ठोकून द्यायचा, एवढंच त्यांना येतं. फोन नुसता पडून असला की दाब छान दिसतो. बोलायला घेतला, आणि त्यातून रेंज कमी असली, की सगळा जोर लागतो आणि दाब धाडकन खाली येतो. मग त्यानं विचारलं, नाना फोन चार्ज कसा करतात? ती म्हणाली, लाईटचा काही भरवसा नाही, म्हणून आली की लावतात, गेली की काढतात, दिवसातून दहादा. गोठ्यातल्या बैलाला येता-जाता पेंढी टाकावी तसं. यावर हितेंद्र इतका हसला की तिला आधी राग आला, आणि मग... मग तीही हसत सुटली. कधीच पूर्ण न उतरलेली ही बॅटरी बिघडली होती आणि कांड्यांचा अंदाजही सुटला होता. उपाय एकच, चार-पाच वेळा पार उतरवायची आणि पुन्हा काठोकाठ भरायची.

"आणि उतरवायची कशी?"

"बोलून..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

झालं! फोनमध्ये स्वतःचं सिमकार्ड घालून तो रोज संध्याकाळी आत्याच्या घरी फोन लावू लागला. बॅटरी तपासतोय, असं आत्याला सांगितलेलं. बोलणं मात्र पावसाचं, परीक्षेचं, त्याच्या गावचं, कशाकशाचं. ती बोलता बोलता फोनची वायर बोटाला गुंडाळत बसायची. फोन मधेच मरायचा, आणि अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी दुकानात पुरं व्हायचं. शुक्रवारी असंच एक राहिलेलं वाक्य तिनं मागितलं.

"तुम्हाला ते धुळ्याचं स्थळ... मनापासून हवं होतं?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय."

तिनं छत्रीच्या टोकाकडे बघत मान हलवली. नाही. आणि हळूच म्हणाली, मग उद्या आबांना फोन नका ना करू. त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "नानांना शब्द दिलाय. तुमच्यासाठी खोटं बोललो, तर उद्या तुम्हीच माझ्यावर कसा विश्वास ठेवाल?"

उज्ज्वला थक्क झाली. असा कसा हा माणूस? रात्रभर तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त तोच आवडला.

शनिवारी नाना आले. हितेंद्रनं त्यांच्याच मोबाइलवरून धुळ्याला फोन लावला, सगळं नीट समजावलं, आणि फोन नानांच्या हाती दिला. उज्ज्वला देवाला विनवत होती, की आतातरी हा बंद पडू दे. एरवी क्षणात मरणारा मेला आज मात्र खणखणीत चालला. आबा तिकडे मोठ्यानं हसले, झालं गेलं विसरू म्हणाले, पुढच्या रविवारी सुपारी फोडायला येतो म्हणाले. नाना खुशीनं लाल झाले. हितेंद्र पाठमोरा उभा राहून उगाच काच पुसत होता.

"नाना, मला ते लग्न करायचं नाही," उज्ज्वला म्हणाली.

आपणच हे बोललो, याचा तिला स्वतःलाच धक्का बसला. नानांचा तर आ वासला. ते मटकन स्टुलावर बसले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, पुसून पुसून चकचकीत झालेल्या काचेकडे पाहिलं, आणि पुसणाऱ्याच्या न थांबणाऱ्या हाताकडे पाहिलं. नाना काही दुधखुळे नव्हते.

"कोनत्या गावचा रे तू?" त्यांनी विचारलं.

आठवडाभर जगातल्या सगळ्या गोष्टी समजावून सांगणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या गावाचं नाव काही सांगता येईना.

"नशिराबादचे," उज्ज्वला म्हणाली.

"अन् मामाचं गाव?"

"साक्री, धुळ्याकडचं. आपल्याकडची साकरी नव्हे. यांची आजी अजून तिथेच असते. परवा ती इथे आली होती तेव्हा फोनवर बोलली; तिला माझा आवाज आवडला म्हणे."

नानांनी फोन उचलला आणि पुन्हा धुळ्याचा नंबर फिरवला.

"आबा," ते म्हणाले, "त्या दिवशी फोन आपोआप कटला व्हता. पण आता मी स्वतःहून नाही म्हनतो."