यात क्लच नसतो

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पडदे शिवून पोट भरणारी बाई मी, गोष्टी रचत बसायला मला सवड नाही.

मागच्या थंडीतला रविवार. संध्याकाळ. गाड्यांच्या शोरूममध्ये माझ्याशिवाय एकही गिऱ्हाईक नव्हतं.

आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

मला गाडी चालवायला शिकवली ती यांनीच, तीही पन्नाशीच्या तोंडावर. माझं शिकून झालं तरी यांचं शिकवणं काही संपलं नाही. पडद्यांची मापं घ्यायला मी कुठेही निघाले की हे शेजारी येऊन बसायचे. प्रत्येक वळणाआधी, प्रत्येक सिग्नलआधी हळूच म्हणायचे,

"क्लच… राणीसरकार."

आणि म्हणताना यांचा स्वतःचा डावा पाय खाली दाबला जायचा. तिथे क्लच नाही की काही नाही. नुसतं मॅट. एकाच जागी घासून घासून त्या मॅटला भोक पडलं होतं.

मला असा राग यायचा! "मला कळतं हो," म्हणायचे मी.

हे गेल्यावर मी त्या भोकाकडे बघत बसायचे.

घरात यांची खुर्ची होती, चष्मा होता, सगळं जागच्या जागी होतं. पण हे आहेत असं वाटायचं ते फक्त गाडीत. कधी कधी स्वयंपाक झाला की मी खाली जाऊन थोडा वेळ नुसती गाडीत बसून यायचे. घर खायला उठायचं.

मग माझ्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, क्लच दाबणं बंद.

मुलगा परगावी असतो. फोनवर म्हणाला, "आई, जुनी देऊन टाक आणि ऑटोमॅटिक घे. क्लचची कटकटच नको."

त्याच्या दृष्टीने ती कटकट होती.

तर त्या संध्याकाळी मी टेप घेऊन एकेका गाडीची डिकी मोजत होते. कापडाच्या नमुन्यांची माझी पुस्तकं ही एवढी जाडजूड. ती मावणार नसतील तर नवी गाडी काय चाटायची आहे? विक्रेता माझ्या मागे मागे फिरत होता. मधल्या वयाचा, सज्जन माणूस. पण अंगावर सेंट इतका मारलेला, की मी मनातल्या मनात त्याचं नाव सुगंधराव ठेवून टाकलं.

करड्या रंगाच्या छोट्या गाडीची डिकी मापात बसली.

"चालवून बघा मॅडम," सुगंधराव म्हणाले. "फक्त डाव्या पायाला सुट्टी द्या. जुन्या सवयीने लोक क्लच समजून त्या पायाने ब्रेकच दाबतात."

मॅट मळू नये म्हणून त्यांनी पुढे दोन्हीकडे पायाखाली कोरे कागद अंथरले. मग शेजारी बसायला वाकले आणि मला शिंकांवर शिंका सुरू झाल्या.

"मी मागे बसतो," बिचारे ओशाळून म्हणाले. कागदाला पायही न लावता मागच्या सीटवर गेले. माझी पर्सही त्यांनी मागेच ठेवली.

म्हणजे शेजारची सीट रिकामी होती. हे लक्षात ठेवा.

लिव्हर 'डी'वर टाकला. ब्रेकवरून पाय काढला… आणि गाडी आपली आपण सरकायला लागली.

घाबरू नका. त्यात भूतबित काही नाही, ऑटोमॅटिक गाडी अशीच निघते.

शोरूममागचा रस्ता गोदामांचा. रविवार असल्यामुळे सगळी शटर खाली. चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते.

आणि तेवढ्यात…

टिंग… टिंग… टिंग…

"शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजतं ते," सुगंधराव म्हणाले. मग त्यांचे तेच थांबले.

"सीटवर काही ठेवलंय का मॅडम?"

काहीच नव्हतं.

"नवीन गाडी आहे, सेन्सर नाजूक असतो," असं पुटपुटत त्यांनी मागून हात लांबवला आणि रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. आवाज बंद झाला.

मी सहज तिकडे पाहिलं. पट्टा सीटला चिकटून बसायला हवा होता. तो फुगून पुढे आला होता… कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा.

यांना पोट होतं.

पुढे सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबणार, तेवढ्यात शेजारी, खाली…

चुर्र.

कागदाचा आवाज.

सिग्नल सुटला. पुढे वळण आलं. मी वळायच्या आधी, बरोब्बर आधी, पुन्हा… चुर्र.

मला भीती वाटायला हवी होती. पण मी पुढचं वळण कधी येतं ते बघायला लागले.

वळणानंतरचा रस्ता सरळ होता. मोकळा. मी थोडा वेग घेतला. आणि अगदी कानाजवळ…

"क्लच… राणीसरकार."

माझा डावा पाय माझ्या नकळत खाली गेला. जोरात. तिथे क्लच नव्हताच. ब्रेक होता.

गाडी कचकन थांबली. सुगंधरावांचा मोबाइल उडून पुढे आदळला.

तुम्हाला वाटेल, समोरून भरधाव ट्रक गेला असेल, यांनी मला वाचवलं असेल. मलाही तसंच वाटलं. मी श्वास रोखून वाट पाहिली.

काहीही आलं नाही. रस्ता रिकामाच होता.

हे मला वाचवायला आले नव्हते. नेहमीसारखे शिकवायला आले होते. आणि ऑटोमॅटिक गाडीत हे जन्मात कधी बसले नव्हते.

मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. रिकाम्या सीटकडे वळून मी म्हणाले, "अहो, यात क्लच नसतो. आता मला काही सांगावं लागणार नाही. तुम्ही निवांत राहा."

प्रेमानेच म्हणाले हो मी.

फुगलेला पट्टा हळूहळू… सीटला टेकला.

गाडी शोरूमला परत आणली. सुगंधरावांनी उतरून शेजारचं दार उघडलं. कोऱ्या कागदाला एका जागी भोक पडलं होतं. डाव्या पायाखाली येईल तिथे. त्यांनी माझ्याकडे न बघता कागद ओढून काढला आणि चुरगाळून टाकला.

मी तीच गाडी घेतली. बदल्यात जुनी देऊन टाकली. हे नव्या गाडीत आले होते ना! मग जुनीत जीव कशाला अडकवायचा? मॅटसुद्धा काढून घेतलं नाही.

नव्या गाडीत शेजारी मी स्वतःच्या हाताने कागद अंथरला.

पहिल्या दिवशी काही आवाज आला नाही. नंतरही नाही. थंडी संपली तरी नाही.

मग एक दिवस सुगंधरावांचा फोन आला.

"मॅडम, तुमची जुनी गाडी एका मुलीने घेतलीय. नुकती शिकतेय ती. आज इथे आली होती…"

"काही बिघडलं का गाडीत?"

"नाही नाही. खूश आहे ती. म्हणते, एकटी असले तरी भीती वाटत नाही, शेजारून कुणीतरी क्लच सांगतं. आम्ही हसण्यावारी नेलं. पण मॅडम…"

त्यांनी आवाज खाली आणला.

"तो आवाज म्हणे तिला प्रत्येक सिग्नलला एकच विचारतो… राणीसरकार कुठे गेल्या?"

ते नाव यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलालासुद्धा नाही.

त्या मुलीचा नंबर मी मागून घेतला. अजून लावलेला नाही. लावून काय सांगू? तो आवाज माझा आहे, परत दे?

आणि दिलाच तिने परत, तर या गाडीत क्लच नाही. त्या गाडीत आहे, पण माझा गुडघा तो दाबू देत नाही.

सिग्नल जवळ आला की हल्ली मीच मोठ्याने म्हणते, "क्लच…" आणि शेजारी खाली बघते.

कागद अजून कोराच आहे.