दिपेशचा ठोका

टाइमपास म्हणून लिहीत नाहीये. ज्याच्यासोबत हे झालं तो किरण माझा सख्खा मावसभाऊ आहे. पटत नसेल तर सोडून द्या यार.

मागच्या ऑगस्टमधला रविवार. कांजूरमार्गला एका गाळ्यातलं ऑफिस. भर दुपार.

किरण एकटाच.

पाचपर्यंत सर्व्हर उभा राहिला नाही तर नोकरी गेली. पोराकडे डिग्री नाही, सगळं मोबाईलवर बघून शिकलेला. याच नोकरीच्या जिवावर मीरामावशीने, म्हणजे त्याच्या आईने, लोकांची धुणीभांडी सोडली होती.

काम असं... दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटातले दोन नकली कॉम्प्युटर, दोघांत मिळून एकच डिस्क. मशीन दर सेकंदाला 'मी जिवंत आहे' असा ठोका पाठवतं. ठोका थांबला की डिस्क दुसऱ्याकडे जाते.

डिस्क जुनी होती. एका रक्तपेढीचा सगळा डेटा तिच्यात. आणि ती दिपेशने बनवलेली.

दिपेश खारदांड्याच्या कोळीवाड्यातला. ऑफिसातलं काम किरणला हाताला धरून त्यानेच शिकवलं. मे महिन्यात बापाच्या बोटीवर गेला. बोट परत आली, हा नाही.

बॉडीसुद्धा मिळाली नाही.

आपल्या मशीनला तो आपलंच नाव द्यायचा. तो गेल्यावर ते मशीन किरणनेच डिलीट केलं होतं.

साडेतीनला किरणने डिस्क जोडली. ती डिस्क वापरणाऱ्या मशीनची यादी उघडली.

दोन नाही... तीन नावं.

तिसरं, दिपेश. ठोका चालू.

किरणने चंद्रप्रकाश साहेबांना फोन लावला. "सर, दिपेशचं मशीन डिस्क सोडत नाहीये."

"अरे, ते मशीनच नाहीये ना! डोकं फिरलं काय तुझं? पाचला चालू पाहिजे. नायतर उद्या येऊच नकोस."

किरणने नेटवर्क काढलं... ठोका चालू.

अख्खा सर्व्हर बंद करून परत चालू केला.

ठोका चालू.

कांजूरला डंपिंगच्या कचऱ्याचा वास कायमचा. तो वास... नव्हताच. एसीतून खारट हवा येत होती. ओल्या जाळ्याची, बोटीच्या डिझेलची.

आता एकच उपाय उरला होता. माणसाने स्वतः सिस्टिमला सांगायचं, की ते मशीन मेलंय. किरणने कमांड टाकली. स्क्रीनवर प्रश्न आला.

दिपेश नक्की बंद आहे का?

बॉडी मिळाली नव्हती ना...

"सॉरी रे दिप्या," किरण रडतच बोलला. "आई परत भांडी घासायला जाईल रे."

बरोबर चार वाजता त्याने 'हो' दाबलं.

ठोका थांबला.

वास गेला. डिस्क उघडली. सगळं झकास.

सव्वाचारला फोन वाजला. कमळकाकी. दिपेशची आई.

"किरन, हापिसान काय झालं काय रं?"

"नाही काकी... का?"

"पोर माजा रोज चारला दारान येतं. वला चिंब. बोलत नाय, नुस्ता उभा रातं. कोनाला सांगलं नाय मी, येरी बोलतील, डोका फिरला बोलतील. आज नाय आयला रं."



नोकरी टिकली. मावशी घरी आहे. यादीत आता दोनच नावं.

काकीचा फोन अजून रोज येतो. सव्वाचारला. "तिकडं आयला काय रं?" किरण यादी उघडून बघतो. "नाही काकी."

परवा त्याने माझा हात घट्ट धरला. "मी मशीनच बंद केलं ना रे? फक्त मशीन ना?"