सत्तराव्या पाइपाखाली

बल्लारपूरहून आत, सागवनाच्या कडेला गॅसची सात नंबरची विहीर होती. विहीर म्हणजे काय, तर वीतभर रुंदीचा लोखंडी पाइप. तीस-तीस फुटांचे सत्तर पाइप एकाखाली एक जोडून जमिनीत सोडलेले. सत्यशीला दर मंगळवारी तिथे तपासणीला जायची. नाकासमोर चालणारी बाई. आकड्यांवर तिचा विश्वास, माणसांवर जरा कमी.

पावसाळा सरता सरता विहिरीचा दम कोंडला. गॅसबरोबर वाफ होऊन येणारं तेल वाटेत थंडावतं, थेंबाथेंबाने तळाशी साचतं आणि गॅसची वाट अडवून बसतं. दाब निम्म्यावर आला. महिनाभरात सुधारली नाही तर सिमेंट ओतून बुजवा, असा वरून हुकूम आला. विहीर बुजली की तिथले ऑपरेटर इनायतभाऊ घरी बसणार होते. वय छप्पन्न. या वयात दुसरं काम कोण देतं?

“बाई, काही तरी करा,” ते म्हणाले. “आठ वर्सं झाले, इथीच बसून राह्यलो मी.”

तिला त्यांचं फार वाईट वाटलं.

तिने विहिरीच्या तोंडाशी यंत्र लावलं. दाबलेल्या वायूचा एक बार आत सोडायचा आणि परत येणारा आवाज कागदावर उमटू द्यायचा. पाइपाच्या प्रत्येक सांध्याला सुई जराशी उसळते, साचलेल्या तेलाला मोठी झेप घेते. मधल्या उसळ्या मोजल्या की तेल किती खोल आहे ते कळतं. तेल एक्कावन्नाव्या पाइपाशी होतं. खालचे सगळे बुडालेले. तिने साबणाच्या कांड्या आत सोडल्या. फेस झाला आणि तेल घेऊन वर आला. पुढच्या मंगळवारी आकडा पासष्टवर गेला. इनायतभाऊंनी खुशीत तिला दोनदा चहा पाजला.

तिसऱ्या मंगळवारी सुई मोठी झेप घेईना. सत्तर उसळ्या झाल्या, तरी होतच राहिल्या. एकशे बाराला थांबल्या.

सत्यशीलाने यंत्र शेजारच्या विहिरीवर नेऊन तपासलं. बिनचूक होतं. नोंदवहीत सत्तरच पाइप होते, आणि ते उतरवताना इनायतभाऊ स्वतः हजर होते.

“खालून कोणी जोडून राह्यलं काय?” त्यांनी हळूच विचारलं. हसले मात्र नाहीत.

गॅस तर धो धो येत होता. खरा आकडा कळवला असता तर चौकशी लागली असती, विहीर बंद झाली असती. आयुष्यात पहिल्यांदा सत्यशीलाने खोटं लिहिलं : तळ कोरडा, सत्तर. आठवड्याभरात इनायतभाऊंना नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं.

चौथ्या मंगळवारी इनायतभाऊ पत्र दाखवायला फाटकापर्यंत आले. भर दुपार होती. तिने पत्र वाचलं, मग यंत्र जोडलं. बार अजून सोडलाच नव्हता.

सुई हलली.

एक बारीक उसळी. मग दुसरी, जराशी मोठी. मग तिसरी, तिच्याहून मोठी. दर सांध्याला आवाज जवळ येत होता. दोघं ओठांतल्या ओठांत मोजत राहिली. एकेचाळीसला सुई थांबली.

सत्यशीलाने एकशे बारातून एकेचाळीस वजा केले.

“अजून एकाहत्तर राह्यले,” ती म्हणाली. “इनायतभाऊ, मी आज खरं कळवतो.”

“कळवाल त माही नोकरी जाते, बाई.”

“अन् नाई कळवलं त?”

इनायतभाऊंनी तिच्या हातून पत्र घेतलं. पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग आपली खुर्ची उचलून त्यांनी ती विहिरीपासून चार पावलं मागे नेली, आणि पुन्हा तिच्यावर बसले.