तीन बोटांचा जी

मास्तर त्या वाद्यांच्या दुकानात शिरला तो ऊन चुकवायला. पण काउंटरमागे एक मुलगी डाव्या हाताने युकुलेले, ती चार तारांची चिमुकली गिटार, छेडत होती, आणि हा पठ्ठ्या उंबऱ्यातच खिळला.

"तुम्हीही डावखुऱ्या?" त्याने विचारलं.

तिला घरचे डावरी म्हणत. डाव्याने लिहू नकोस, डाव्याने वाढू नकोस... सरळ करायला जगाला हीच सापडली होती, जसा काही दुसरा धंदाच नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूचं निघालं. तिने डाव्या हातासाठी उलट्या तारा लावलेला आपला युकुलेले सरळ त्याच्या हातात दिला. आजवर तो तिने कुणाला शिवूही दिला नव्हता.

तो बालवाडीचा मास्तर होता. खारीच्या लग्नाचं, कोंबडीच्या शाळेचं, अशी आजीच्या तोंडची गाणी त्याला पोरांपुढे वाजवायची होती. असल्या गाण्यांना सुरांच्या तीन जुड्या, म्हणजे सी, एफ आणि जी हे तीन कॉर्ड पुरतात. सीला एक बोट, एफला दोन, जीला तीन.

दर शनिवारी दुपारी दोघं एका बाकावर बसू लागली. सी आला, एफ आला. जी काही येईना. खारीचं लग्न जमायचं आणि ऐन वरातीत मास्तर म्हणायचा, "थांबा हं..." मग डावरी त्याची बोटं एकेक उचलून तारांवर ठेवायची. ती ठेवीपर्यंत तो तारा सोडून भलतीकडेच बघायचा. असे दहा शनिवार गेले. दुकान आत्याचं, ती पॉलिश घासता घासता म्हणायची, मास्तरची बोटं बधिर आहेत की डोकं, तेवढं एकदा तपासून घे.

मग एका मंगळवारी मास्तरच्याच बालवाडीतल्या गायनाच्या बाई तारा बदलायला आल्या. गळा गोड, हसणं त्याहून गोड. सहज बोलावं तसं म्हणाल्या, मास्तरांनी माझ्या युकुलेलेवर चार दिवसांत जी बसवला. हात फार हलका आहे हो त्यांचा.

डावरीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे दहा आठवडे ठोंब्या, हिच्याकडे चार दिवसांत उस्ताद? आणि हात हलका, हे हिला कसं कळलं? बाईंची एक तार कच्ची बांधावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. नाही बांधली. जळत होती, तरी कामात बेइमानी तिला जमत नव्हती. दात-ओठ खात तिने चारी तारा ओढल्या. शेवटची पिळताना मात्र तिचा हात थांबला.

तारा सरळ होत्या. साऱ्या जगाच्या असतात तशा. यावर डावखुऱ्या माणसाला चार दिवसांत जी?

शनिवारी मास्तर आला. तिने भिंतीवरचा सरळ तारांचा युकुलेले काढून त्याच्या मांडीवर आदळला.

"वाजवा."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून वाजवलं. लग्न जमलं, वरात निघाली, जी लागला — खणखणीत. खार नांदायलासुद्धा गेली.

"डावखुरे नाही आहात तुम्ही."

"नाही."

"खोटारडे. दहा आठवडे?"

"खरं बोललो असतो तर भिंतीवरचा एक विकून वाटेला लावलं असतंत," तो हळूच म्हणाला. "या बाकावर कशाला बसवलं असतंत?"

"आणि त्या बाई?"

"गाणं वरातीत अडकलं की पोरं हसायची. म्हणून त्यांच्याकडे शिकलो. त्यांच्याशेजारी जी सोपा जातो. तुमच्याशेजारी... सी सुद्धा आठवत नाही."

आत्याला अचानक आतलं काम आठवलं.

डावरीने भिंतीवरचा युकुलेले काढून घेतला आणि आपला उलटा त्याच्या हातात कोंबला. डोळे भरले होते. तो राग आहे असंच तिला दाखवायचं होतं.

"आता यावर शिकायचं. माझ्या बाजूने. आणि तिच्याकडे जाणं बंद."

"बरं. पण जी आला तर?"

तिने त्याचं बोट तारेवर ठेवलं, आणि या वेळी आपला हात त्यावरून उचलला नाही.

"लवकर आला," ती म्हणाली, "तर माझ्याशी गाठ आहे तुझी."