पंचूच्या डोळ्यांवरची पट्टी

चंद्रावरच्या वसाहतीत खो-खोचा अंतिम सामना नुकताच संपला होता आणि इरावती मैदानाबाहेर उभी राहून एकच घोकत होती, "मी बाद नाही."

पंच होता पंचू नावाचा यंत्रमानव. त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती, आणि ती सकाळी समोरच्या संघातल्या शाल्मलीनेच बांधली होती. न्यायदेवतेच्या पुतळ्याला पट्टी असते, मग पंचाला का नको? बाईसाहेबांना स्वतःची कल्पना भारीच आवडली होती. पंचू खेळाडूंच्या कपड्यांतल्या संवेदकांवरून (स्पर्श टिपणाऱ्या यंत्रांवरून) निकाल देत होता. शाल्मलीचा हात इरावतीला लागला, इरावती बाद, शाल्मलीचा संघ एका गुणाने विजयी.

शाल्मली मात्र विजेत्यांच्या ढालीकडे बघायचं टाळत होती. इरावतीला गाठताना ती मध्येच उलटी वळली होती. खो मिळाल्यावर एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलायची नसते, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

पहिल्या रांगेत सुलभाआजी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या भाषाशास्त्रज्ञ (भाषा कशा घडतात ते शोधणाऱ्या) होत्या.

"आजी, न्यायदेवतेला पट्टी का असते?" त्यांच्याशेजारी बसत शाल्मलीने विचारलं.

"ती फार नंतर आली गं. प्राचीन ग्रीकांच्या कथांत न्याय म्हणजे मायलेकी. आई थेमिस, म्हणजे पूर्वापार घालून दिलेली रीत, नियम. लेक दिके. समोरच्या भांडणात खरं काय, ते ती दाखवते. कुणी वाकडा निकाल दिला की तडक बापाकडे, देवांच्या राजाकडे, तक्रार. डोळे झाकून तिला कसं जमेल?"

"म्हणजे पंचूकडे आई आहे, लेक नाही."

"अगदी. गंमत म्हणजे 'दिके' आणि आपला 'दिशा' हा शब्द एकाच मुळातले. त्या मुळाचा अर्थ दाखवणे."

दिशा म्हटल्यावर शाल्मलीचे कान तापले. "आता कुठे असते ती?"

"माणसं वाकडी वागायला लागली, तशी रुसून आकाशात गेली म्हणे. आपली कन्या रास तीच."

शाल्मली उठली आणि तिने पंचूची पट्टी सोडली.

"झालेलं मला आता दिसणार नाही," पंचू म्हणाला. "कुणीतरी दाखवावं लागेल."

तिने ढालीकडे एकदा पाहून घेतलं. मग वाकून मातीतल्या एका पाऊलखुणेवर बोट ठेवलं. "इथे मी वळले."

"इरावती बाद नाही," पंचूने जाहीर केलं. शाल्मलीच्या संघाने कपाळाला हात लावला. उरलेला डाव पुन्हा झाला, इरावती शेवटपर्यंत सापडली नाही आणि ढाल तिकडे गेली. शाल्मलीला वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं. पण आजींच्या शेंगा गोड लागत होत्या.

घुमटाच्या काचेतून पंचू कन्या रास न्याहाळत होता. "तिथल्या चित्रा ताऱ्यावरून प्रकाशालाही इथे यायला अडीचशे वर्षं लागतात. दिके निघाली, तर कधी पोचेल?"

इरावतीने शाल्मलीच्या हातातल्या चार शेंगा उचलल्या.

"मघाशी आली होती की," ती म्हणाली.