हाडाजवळचा वास

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या बाजारात मांस तपासायच्या खोलीत मी अकरा वर्षं आहे. काम शिकवलं उमसुनाय एजेंनी; एजे म्हणजे आमच्याकडे ताई. कामाच्या दिवशी त्या लसूण खात नसत, वासाचा साबण लावत नसत. सुरी उकळत्या पाण्यात तापवायची, मांडीच्या हाडापर्यंत खुपसायची, काढून लगेच हुंगायची. मला सर्दी झाली की म्हणायच्या, "बुरुल, नाक घरी ठेवून आलीस? मग पगार कशाचा घेतेस?" फार आठवण येते त्यांची.

त्या गेल्या आणि पंधरा दिवसांत यंत्र आलं. मांसावरून कापसाचा बोळा फिरवून यंत्रात घातला, की सडवणारे जंतू किती ते मिनिटात आकड्यात दिसतं. एजेंची सुरी खिळ्यालाच राहिली.

त्यांच्या चाळीसाव्याच्या, म्हणजे चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाच्या, आदल्या दिवशी त्यांचा भाचा झापार घोड्याची मांडी घेऊन आला. शीतगृहातून थेट आणलेली, रंगाला छान.

"शिक्का मार, बुरुल एजे. उद्या दोनशे माणसं जेवायला आहेत."

आकडा स्वच्छ आला. शिक्का घ्यायला हात वर केला, तो सुरीला लागला. सुरी गरम होती.

सकाळपासून वीज नव्हती, यंत्र तेवढं बॅटरीवर चालत होतं. विजेची शेगडी थंडगार पडलेली.

"झापार, सुरीला हात लावलास?"

"मी कशाला लावू...?"

मी सुरी हाडापर्यंत खुपसली, काढली, हुंगली. सडका वास आला. कापल्या कापल्या मांडी शीतगृहात कोंबली होती. वरून गार झाली, हाडाशी ऊब धरून सडली. बोळा तिथवर पोचतोय कुठे?

झापारनं मांडी बाजूला सारली. "मावशीच्याच जेवणात... लोकांना हे वाढलं असतं मी."

संध्याकाळी त्यानं दुसऱ्या घोड्याची मांडी आणली. या वेळी सुरी गारच होती, म्हणून चहावाल्याकडच्या पाण्यात तापवून घेतली. मांस चांगलं निघालं.

चाळीसावा नीट पार पडला. गेलेल्या माणसाच्या वस्तू वाटतात, तशी सुरी माझ्या वाट्याला आली. पिशवीत घालून घरी आणली. एजे कमरेला लावायच्या तशी सहज लावून बघितली, आणि डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाशी, सुरीची ऊब जाणवली.

ही बघा, टेबलावर आहे. गार आहे ना? आता मी कमरेला लावते... लावा हात.

डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, हाडाचे फोटो काढले. म्हणाले, सगळं स्वच्छ आहे.